वाचकांचे प्रश्न : जीनोमशास्त्राचे शिक्षण कोठे आणि कसे घ्यावे?

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात तपासलेल्या सुमारे १० हजार भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएची, माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली. तेव्हापासून या विषयातील शिक्षण व प्रशिक्षणाविषयी विचारणा करणारी पत्रे आमच्याकडे येत आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असून वनस्पतिशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. पुण्याच्या विद्यापीठात या विषयाचे केंद्र आहे असे ऐकले. आमच्या महाविद्यालयात सिक्वेन्सिंगचे (डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याचे) यंत्र नाही आणि माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. मी सुरुवात कोठून करावी? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : यंत्र नाही म्हणून आपले काहीही अडणार नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे. आज सर्वाधिक वापरात असलेली यंत्रे डीएनएचे साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून देतात. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे आणि चुका टाळण्यासाठी त्यातील प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली जाते, त्यामुळे एका व्यक्तीची कच्ची माहितीच शंभर गिगाबाइटच्या आसपास जाते. हे तुकडे तपासणे, संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या जीनोमवर) त्यांची जागा शोधणे, फरकांची यादी करणे आणि त्यांतील कोणता फरक खरा व महत्त्वाचा आहे हे ठरवणे, हे सारे काम संगणकावर चालते. माझ्या मते कुशल माणसांची खरी उणीव याच टप्प्यावर आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील बायोइन्फर्मेटिक्स (जैविक माहितीचे संगणकीय विश्लेषण) केंद्र १९८७ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने सुरू झाले. डॉ. अशोक कोळसकर यांनी त्याची उभारणी केली. मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, म्हणजे हे केंद्र त्याच्याही आधीचे आहे. तेथे एम.एस्सी. आणि पीएच.डी. या दोन्ही स्तरांवर शिक्षण मिळते, आणि प्रवेशाची सूचना विद्यापीठाच्या अधिकृत प्रवेश-माहितीत पाहावी. जैवतंत्रज्ञानातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा विचार असेल, तर ‘गॅट-बी’ ही राष्ट्रीय परीक्षाही द्यावी. याखेरीज देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही उन्हाळ्यातील सुमारे दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच मागवले जातात आणि परीक्षांच्या धांदलीत ती मुदत अनेकांच्या हातून निसटते, म्हणून ती आताच वहीत नोंदवून ठेवावी.

तोपर्यंत घरी बसून करण्यासारखे पुष्कळ आहे. ‘गॅलेक्सी’ नावाची अशा विश्लेषणाची मोफत व्यवस्था ब्राउझरमध्येच चालते. जड गणिते दूरच्या सर्व्हरवर होतात, त्यामुळे साधा लॅपटॉप पुरतो, आणि तिच्यासोबत क्रमाक्रमाने शिकवणारे धडेही मोफत मिळतात. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन येथील युरोपीय बायोइन्फर्मेटिक्स संस्थेचे अनेक ऑनलाइन पाठही विनामूल्य आहेत. मात्र पहिल्याच दिवशी माणसाचा जीनोम हाती घेऊ नये. करोना विषाणूचा जीनोम ३० हजार अक्षरांहून किंचित लहान आहे, आणि त्याच्या असंख्य नमुन्यांची कच्ची माहिती अमेरिकेतील एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राच्या भांडारात सर्वांना खुली आहे. एक नमुना उतरवून घ्यावा, ‘फास्टक्यूसी’ या प्रोग्रॅमने त्याची गुणवत्ता तपासावी, ‘बीडब्ल्यूए’ने तुकडे संदर्भ जीनोमवर बसवावेत आणि दिसलेले फरक ‘आयजीव्ही’मध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. गुणवत्तेचा अंक ३० याचा अर्थ हजार अक्षरांत एक चूक होण्याची शक्यता, आणि २० याचा अर्थ शंभरांत एक, हे एकदा स्वतः ताडून पाहिले की पुढे कोणताही आकडा डोळे झाकून स्वीकारण्याची सवय लागत नाही. कोणते तुकडे वगळले आणि का वगळले, याची नोंद प्रत्येक वेळी ठेवावी. मुलाखतीत अशी वही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलते. लिनक्स या संगणक प्रणालीच्या आज्ञा आणि आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रॅमिंग भाषा या कामाच्या ओघातच शिकता येईल.

आपण वनस्पतिशास्त्र शिकत आहात याबद्दल कोणताही संकोच नको. गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट मोठा असून त्यावर काम करायला वनस्पती जाणणारी माणसेच लागतात. आपल्या जिल्ह्याचे पीक असलेल्या तुरीचा जीनोम भारतीय संशोधकांच्या एका गटाने आणि हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने २०११ च्या सुमारास स्वतंत्रपणे वाचला. दोन्ही गटांनी त्यासाठी ‘आशा’ हे वाण निवडले होते. मर आणि वांझ या रोगांना तोंड देणारे वाण म्हणून शेतकरी ते ओळखतातच. इक्रिसॅट लातूरपासून फार दूर नाही आणि तेथे विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी घेतले जाते. तुरीवरील रोगांची ओळख ज्या मुलीला शेताच्या बांधावर झाली आहे, तिने या कामात यावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : सहा आठवड्यांत ‘जीनोमिक्स तज्ज्ञ’ बनवण्याचे आश्वासन देणाऱ्या एका खासगी संस्थेने माझ्या मुलाकडे चाळीस हजार रुपये शुल्क मागितले आहे. भरावे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : पैसे भरण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. विद्यार्थ्याच्या हाती यंत्रातून आलेली कच्ची माहिती दिली जाते, की केवळ तयार निकालांचे तक्ते दाखवले जातात? शिकवणाऱ्यांचे स्वतःचे प्रकाशित संशोधन कोणते? शेवटी मुलाने स्वतः केलेल्या विश्लेषणाचा अहवाल तयार होतो का? उत्तरे टाळली गेली, तर शुल्क भरू नये. सहा आठवड्यांत या विषयात कोणी तज्ज्ञ होत नाही, आणि प्राथमिक ओळखीसाठी लागणारे जवळजवळ सर्व साहित्य वरील उत्तरात सांगितल्याप्रमाणे विनामूल्य मिळते. विद्यापीठे व सरकारी संशोधन संस्था अधूनमधून घेत असलेल्या चार-पाच दिवसांच्या कार्यशाळांचे शुल्क तुलनेने माफक असते आणि तेथे प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांशी बोलण्याची संधी मिळते. आधी तेथे प्रयत्न करावा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो. ‘जीनोम इंडिया’ची माहिती घेऊन मला घरी सराव करता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तसा सराव करता येणार नाही. ही माहिती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे. ती मिळवण्यासाठी संशोधनाचा प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. हे बंधन मला योग्य वाटते. जीनोम ही ज्याने नमुना दिला त्याची, आणि त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांचीही, खासगी गोष्ट आहे.

सरावासाठी ‘१००० जीनोम’ प्रकल्पाची माहिती मात्र पूर्णपणे खुली आहे. त्याच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात २६ जनसमूहांतील २,५०४ व्यक्ती आहेत. त्यांतील गुजराती भाषकांचे नमुने ह्यूस्टन शहरात आणि तेलुगू भाषकांचे ब्रिटनमध्ये घेतलेले आहेत, आणि मराठी भाषकांचा स्वतंत्र गट त्यात नाही. भारतातील शेकडो समूहांनी शतकानुशतके आपापल्या आतच विवाह केलेले असल्यामुळे काही जनुकीय फरक इतरत्र दुर्मीळ पण येथे वारंवार आढळतात. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातून २५ अक्षरे गळालेली असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, आणि असा फरक असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचेही त्यात आढळले. युरोपीय नमुन्यांवर आधारलेल्या याद्यांच्या भरवशावर राहिलो असतो, तर ही गोष्ट आपल्या दृष्टीआड राहिली असती.

प्रोग्रॅमिंग आपल्याला येतेच, म्हणून वेळ संख्याशास्त्राला आणि पदवी स्तरावरील अनुवंशशास्त्राला द्यावा. प्रोग्रॅम त्रुटीविना चालला म्हणजे उत्तर बरोबर आले, असा समज या क्षेत्रात फार महागात पडतो.

प्रश्न : मी डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालो असून एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. मी सिक्वेन्सिंग शिकलो तर त्यांना उपयोग होईल का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : निदानासाठी तूर्त त्याची गरज नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ‘एचबीबी’ जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे होतो. सोल्युबिलिटी चाचणीने प्राथमिक चाळणी होते आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या चाचण्यांनी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे निश्चित करता येते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भरही अशाच चाचण्यांवर आणि समुपदेशनावर आहे. म्हणून आधी एचपीएलसीवर हात बसवावा, त्यानंतर डीएनए वेगळा काढणे आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याचे तंत्र) शिकावे. यासाठी मुंबईत परळ येथे असलेल्या राष्ट्रीय रक्तविकारशास्त्र संस्थेकडे आणि तिच्या चंद्रपूर येथील केंद्राकडे आपल्या रुग्णालयामार्फत विचारणा करावी.

एकाच बदलाचे दोन रुग्ण असूनही एकाचा आजार सौम्य आणि दुसऱ्याचा तीव्र का असतो, हा जीनोमशास्त्राचा खरा प्रश्न आहे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही ज्यांच्या रक्तात अधिक प्रमाणात टिकते, त्यांना त्रास सहसा कमी होतो, आणि भारतातील अनेक रुग्णांत ते टिकलेले आढळते. अशा अभ्यासांसाठी वर्षानुवर्षे नीट ठेवलेल्या नोंदी लागतात: रुग्णाला वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा द्यावे लागले, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कधी सुरू झाले. त्या नोंदी रुग्णांची संमती घेऊन आपण आजपासूनच ठेवू शकता. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे तरुण जोडप्यांना भिली किंवा पावरी बोलीत समजावून सांगता येत असेल, तर तेही जरूर करावे.