प्रकाशाने तापणारे नॅनोकण कर्करोगाची गाठ दाखवतात आणि जाळतातही, मग हा उपचार सर्रास का होत नाही?

उंदरांत गाठी नाहीशा होतात, मग माणसांत अडतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. अडतं ते कण आणि प्रकाश एकाच जागी, पुरेशा प्रमाणात पोचवण्यात. तापवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी प्रकाश. अंधारात तळहाताखाली टॉर्च धरला की बोटं लाल दिसतात, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं आणि लाल तेवढा पार होतो. म्हणून कण असे घडवतात की ते 650 ते 950 नॅनोमीटर तरंगलांबीच्या (लाल आणि त्यापलीकडच्या) पट्ट्यातला प्रकाश शोषतील. सोन्याच्या नॅनोरॉडची, म्हणजे काडीसारख्या नॅनोकणाची, लांबी जाडीच्या साधारण चौपट ठेवली की शोषणाचं शिखर, म्हणजे कण सर्वांत जास्त शोषतो ती तरंगलांबी, 800 च्या आसपास येतं आणि 808 चा डायोड लेसर चालतो. पण या पट्ट्यातही प्रकाश ऊतींमध्ये विखुरतो, दर काही मिलिमीटरला क्षीण होतो. उंदराच्या कातडीखालची गाठ त्याच्या टप्प्यात असते, माणसाच्या पोटातली नसते. तिथे सुईवाटे प्रकाश वाहणारा फायबर थेट गाठीत न्यावा लागतो.

कणांचं दुखणं याहून मोठं. शिरेतून दिलेल्या मात्रेपैकी गाठीत किती पोचतं याचा एक मोठा आढावा 2016 मध्ये आला. मध्यक निघाला 0.7 टक्के. उरलेल्यांपैकी बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात. शिवाय नॅनोरॉड बहुधा सीटॅब नावाच्या साबणासारख्या रसायनात वाढवतात आणि ते पेशींना विषारी असतं. धुणं कमी पडलं तर पेशी लेसरशिवायच मरतात. पेग या संरक्षक बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर बसण्याआधी जास्त धुतलं तर कण एकमेकांना चिकटतात. चाचणी साधी आहे: थोडं द्रावण सलाइनमध्ये मिसळा आणि वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) पुन्हा घ्या. शिखर बसकं आणि पसरट झालं, तर ती बॅच टोचू नये.

प्रतिमेसाठी फोटोअकूस्टिक पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. नॅनोसेकंदाच्या लेसर स्पंदाने कण तापतो, भोवतालचं माध्यम प्रसरण पावतं आणि अल्ट्रासाउंडची लहर उठते. ऊतींमध्ये ध्वनी प्रकाशापेक्षा खूप कमी विखुरतो, त्यामुळे काही सेंटीमीटर खोलवरचं दिसतं. स्पंदाची ऊर्जा जास्त झाली की मात्र नॅनोरॉड वितळून गोल होतात, शिखर 520 च्या दिशेने सरकतं आणि संकेत विझतो. सिलिकाचा (काचेसारख्या पदार्थाचा) थर दिला की ते बरेच टिकतात.

तापमानाचं गणित: 42-45 अंश सेल्सिअसला पेशी मारायला बराच वेळ लागतो, 50 च्या वर काही मिनिटं पुरतात, 60 च्या वर प्रथिनं जवळजवळ लगेच गोठतात. मोजताना फसगत होते ती अशी, की थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूची तार) लेसरच्या झोतात आलं तर ते स्वतःच तापतं, आणि थर्मल कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. लेसरची तीव्रताही तपासा. 808 ला त्वचेसाठीची सुरक्षित मर्यादा चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.33 वॉट आहे, तर कित्येक शोधनिबंधांत 1 वॉट किंवा जास्त वापरलेले असतात.

माणसांवरचा एक प्रयोग प्रोस्टेटच्या (पुरुषांमधल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगावर झाला. 2019 मध्ये अमेरिकेतून त्याचे निष्कर्ष आले: सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं कवच असलेले सुमारे 150 नॅनोमीटरचे कण आदल्या दिवशी शिरेतून दिले आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय व अल्ट्रासाउंडच्या आधाराने फायबर गाठीत नेला. 16 पैकी 15 जणांचा उपचार पूर्ण झाला.