पासवर्डशी ‘तडजोड’ होते का?

‘तुमच्या पासवर्डशी तडजोड झाली आहे’ असा संदेश मोबाइलवर आला, हे मराठी बरोबर आहे का, असा प्रश्न आहे.

बरोबर नाही. तडजोडीला दोन पक्ष लागतात आणि दोघांनीही आपापल्या मागणीतलं थोडं सोडावं लागतं. मूळ इंग्रजी ‘कॉम्प्रोमाइज’चा हा एक अर्थ झाला. धोक्यात येणं, कमकुवत होणं हा त्याचा दुसरा अर्थ, आणि संदेशात तोच अभिप्रेत आहे. प्रश्नपत्रिका फुटते, बातमी फुटते, तसा पासवर्डही फुटतो. नुसता संशय असेल तर ‘पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला असावा’ म्हणावं. डॉक्टरांच्या तोंडची ‘कॉम्प्रोमाइज्ड’ प्रतिकारशक्ती म्हणजे खालावलेली प्रतिकारशक्ती.

तडजोड अस्सल अर्थाने पाहायची तर कोर्टात जावं. कर्जदार ठरलेली रक्कम एकदम भरतो, धनको व्याजातलं काही सोडतो, आणि दावा लोकअदालतीत ‘तडजोडीने निकाली’ निघतो. या निवाड्यावर अपील नसतं, भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते. नेहमीच्या दिवाणी कोर्टात तडजोड व्हायची तर ती लेखी हवी, खाली पक्षकारांच्या सह्या हव्यात. दोघांची संमती हा या शब्दाचा कणाच आहे.

म्हणून 1665 च्या पुरंदरच्या कराराला आपण तह म्हणतो. महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले, 12 राहिले. समोर मिर्झाराजांची फौज होती. वेढ्याखाली झालेल्या देवाणघेवाणीला तडजोड हा शब्द तोकडा पडतो. मांडवलीत मात्र मिटवामिटवी असली तरी दमदाटीचा वास येतो, त्यामुळे तो शब्द सभ्य व्यवहाराला लावू नये.

मला खरा खटकतो तो घरातला वापर. सासरी गेलेल्या मुलीला ‘थोडं कॉम्प्रोमाइज करावंच लागतं गं’ असं सांगतात, तेव्हा नोकरी तिनेच सोडायची असते, सवयीही तिनेच बदलायच्या असतात. समोरचा काहीच सोडणार नसेल तर त्याला मराठीत स्पष्ट शब्द आहेत: नमतं घेणं, पड खाणं, मन मारणं. तेच वापरावेत, म्हणजे कोण किती सोडतंय ते झाकलं जात नाही. दोघंही सोडत असतील तर ‘मिळतंजुळतं घेणं’ किती सुरेख!

‘तत्त्वांशी तडजोड’ आता रुळली आहे, ती चुकीची म्हणणार नाही. तरी ‘तत्त्वांना मुरड घातली’ हे मला जास्त नेमकं वाटतं. आणि जाहिरातीतल्या ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ऐवजी ‘गुणवत्तेत कसूर नाही’ म्हणावं.