संग्राहकांचे शंकासमाधान : पावाबरोबर मिळालेले बेसबॉल बिल्ले

प्रश्न : माझे चुलते नोकरीनिमित्त अमेरिकेतील टोलिडो शहरात बरीच वर्षे राहिले होते. त्यांच्या पश्चात दांडिया बाजारातील आमच्या घरी जे सामान आले, त्यात बिस्किटांच्या डब्यात काही गोल बिल्ले निघाले. प्रत्येकावर टोपी घातलेल्या एका खेळाडूचे कृष्णधवल छायाचित्र असून कडेने 'मिसेस शेरलॉक्स ब्रेड' असे छापले आहे. हे बिल्ले केव्हाचे असावेत? खेळाडूच्या बिल्ल्यावर पावाचे नाव कशासाठी? आणि ते अमेरिकेतील एखाद्या संग्राहकाला विकायचे झाल्यास काही अडचण येईल का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : आपल्याकडील बिल्ले टोलिडोतील एका बेकरीने आपल्या पावाच्या जाहिरातीसाठी वाटलेले असून त्यांवरील खेळाडू त्या शहराच्या 'मड हेन्स' या बेसबॉल संघाचे असावेत. (मड हेन म्हणजे दलदलीत राहणारा एक पाणपक्षी. संघाला असे नाव घेण्यात तिथे कोणालाही कमीपणा वाटला नाही.) हा संघ अव्वल साखळीतला नव्हे, तर त्याखालच्या 'अमेरिकन असोसिएशन' या साखळीत खेळणारा होता, आणि आपल्या बिल्ल्यांचे खरे वैशिष्ट्य याच गोष्टीत आहे.

बेसबॉलचे बिल्ले सिगारेट कंपन्यांनीही काढले. 'स्वीट कॅपोरल' सिगारेटबरोबर १९१०च्या सुमारास दिलेले बिल्ले तर आजही पुष्कळ आढळतात. परंतु सिगारेटचे पाकीट आगगाडीने देशभर जात असे, पाव मात्र भाजल्यापासून दिवस-दोन दिवसांत खपवावा लागत असल्यामुळे बेकरीचा व्यवहार एका शहरापुरता, फार तर आसपासच्या गावांपुरताच चाले, आणि म्हणून तिच्या बिल्ल्यावर खेळाडूही त्याच शहराचा असे. डेट्रॉइटच्या 'मॉर्टन्स' बेकरीने डेट्रॉइट टायगर्सचे खेळाडू निवडले, टोलिडोच्या बेकरीने मड हेन्सचे. बडोदा आणि होळकर यांच्यातील १९४६-४७चा रणजी करंडकाचा अंतिम सामना आठवा, ज्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. त्या वेळी मांडवीतील एखाद्या बेकरीने पावाबरोबर हजाऱ्यांचा बिल्ला दिला असता, तर इंदूरमध्ये तो कोणी छातीवर लावला असता का? अशा स्थानिकपणामुळे बेकऱ्यांचे बिल्ले थोडेच निघाले, त्यांतले बरेचसे मुलांच्या खेळण्यात हरवले, आणि जे उरले ते मुख्यतः त्या त्या शहरातील घरांतून बाहेर येतात.

काळ ठरवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे खेळाडूचे नाव. आडनावे टिपून घ्यावीत आणि मड हेन्सच्या जुन्या संघयाद्यांशी ताडून पाहावीत. उदाहरणार्थ, पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून १९३० साली .४०१ ची फलंदाजी सरासरी (म्हणजे दर हजार संधींत ४०१ यशस्वी फटके) गाठणारा बिल टेरी टोलिडोत १९२२ आणि १९२३ या दोनच वर्षी खेळला, म्हणजे त्याच्यासोबत मड हेन्सचा गणवेश घातलेले सहकारीही त्याच सुमाराचे ठरतात. एकाच डब्यातील सर्व नावे ज्या वर्षी एकत्र येतात, ते वर्ष बहुधा बरोबर असते. मिसेस शेरलॉक्सचे बिल्ले १९२०च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा १९३०च्या दशकाच्या आरंभी निघाले, त्यामुळे हा निवाडा करणे आवश्यकच आहे.

विक्रीच्या दृष्टीनेही या निवाड्याला महत्त्व आहे. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यान्वये ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षे जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. बिल्ला परदेशात तयार झाला, एवढ्यावरून तो या कायद्यातून आपोआप सुटतो असे गृहीत धरू नये. १९२२चा बिल्ला ही मर्यादा ओलांडून गेला आहे, १९३३चा अद्याप नाही. टपालात टाकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वडोदरा मंडळात चौकशी करून लेखी उत्तर घ्यावे.

प्रश्न : माझ्या संग्रहातील जुन्या बिल्ल्यांवर पावसाळ्यानंतर तपकिरी ठिपके दिसू लागले आहेत. ते ओल्या फडक्याने पुसले तर चालेल का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : चालणार नाही. बिल्ल्याची घडण पाहिली की कारण लक्षात येते. छापील कागदाची चकती, तिच्यावर सेल्युलॉइडचा (एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा) पारदर्शक पापुद्रा, आणि हे दोन्ही पत्र्याच्या उथळ वाटीवर ताणून, कडा मागे दुमडून धातूच्या कड्याखाली दाबलेल्या असतात. टाचणीची तार त्याच कड्यात अडकवलेली असते. पाणी वरच्या पापुद्र्यातून आत जात नाही. ते मागच्या कड्याच्या फटीतून शिरते आणि कागद पत्र्याला टेकलेला असल्यामुळे आतून डाग पडत जातो. म्हणजे ठिपके पापुद्र्याच्या खाली आहेत आणि वरून कितीही पुसले तरी जाणार नाहीत, उलट ओल वाढेल. नखरंग काढण्याचे ॲसिटोन तर जवळही आणू नये, कारण त्यात सेल्युलॉइड विरघळते.

वडोदऱ्याच्या दमट हवेत बिल्ले प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंडून ठेवू नयेत. जुने सेल्युलॉइड स्वतःच हळूहळू आम्लधर्मी वाफ सोडते आणि ती कोंडली गेल्यास पत्रा लवकर गंजतो. आम्लरहित कागदावर, एकमेकांना न टेकता, उन्हापासून दूर ठेवावेत आणि शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवून ती अधूनमधून बदलावी. ज्यांनी विश्वामित्रीचा पूर पाहिला आहे, त्यांना कपाटाचा खालचा कप्पा टाळा असे वेगळे सांगायला नको. सेल्युलॉइड झटकन पेटते, म्हणून देवघरातील निरांजनाजवळही नको. नुकसान जास्त असल्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागात विचारावे.

प्रश्न : ऑनलाइन लिलावातील बिल्ल्याच्या पाठीवर १८९६ साल छापलेले दिसते. तो तेवढा जुना समजावा का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : समजू नये. अमेरिकेतील न्यूअर्क येथील 'व्हाइटहेड अँड होग' या कंपनीने बिल्ल्याच्या घडणीची एकस्वे (पेटंट) मिळवली आणि १८९४ व १८९६ या एकस्वांच्या तारखा ती पुढे कित्येक वर्षे पाठीमागच्या कागदावर छापत राहिली. नवशिका खरेदीदार त्याच तारखेला निर्मितीचे साल समजतो आणि काही विक्रेते त्याचा हा गैरसमज दूर करण्याची तसदी घेत नाहीत.

नकलांच्या बाबतीत कायद्याचाही आधार नाही. अमेरिकेचा १९७३चा छंद-संरक्षण कायदा जुन्या राजकीय बिल्ल्यांच्या नकलांवर निर्मितीचे वर्ष छापणे बंधनकारक करतो, बेसबॉलच्या बिल्ल्यांना तो लागू नाही. म्हणून पाठीचे स्पष्ट छायाचित्र मागवावे आणि कड्याचा गंज, टाचणीची तार व कागदाचा पिवळेपणा एकाच वयाचे दिसतात का ते पाहावे. पुढची बाजू पिवळसर आणि मागची तार लखलखीत असेल, तर बोली लावू नये.