लोगोथेतीस: फडणीस की चिटणीस?

प्रश्न असा आहे: तेराव्या शतकातला बायझंटाईन (पूर्व रोमन) इतिहासकार जॉर्ज अक्रोपोलितीस ‘ग्रँड लोगोथेट’, म्हणजे ग्रीकमध्ये ‘मेगास लोगोथेतीस’, या दरबारी पदावर होता. अनुवादात त्याला ‘मुख्य फडणीस’, म्हणजे हिशेब पाहणारा मुख्य अधिकारी, म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. व्युत्पत्ती मात्र ‘फडणीस’ शब्दाच्या बाजूची आहे. ‘लोगोस’ म्हणजे इथे हिशेब, आणि ‘थेतीस’ म्हणजे मांडणारा. करवसुलीचा एक लोगोथेतीस असे, सैन्याच्या पगाराचा दुसरा. अर्थ वळला तो टपालाच्या लोगोथेतीसमुळे. परराज्यांचे वकील सरकारी डाकेच्या वाटेनेच येत-जात, म्हणून त्यांची बडदास्त त्याच्याकडे आली आणि तिच्यामागून परराष्ट्राचा कारभारही. पुढे ‘मेगास लोगोथेतीस’ हे वरिष्ठ पद आलं. तेराव्या शतकात त्याच्या हाती मुख्यतः पत्रव्यवहार आणि मुत्सद्देगिरी होती.

अक्रोपोलितीसचं आयुष्य पाहा. त्याचा जन्म १२१७ चा, लॅटिनांच्या, म्हणजे पश्चिम युरोपीय धर्मयोद्ध्यांच्या, ताब्यातल्या कॉन्स्टँटिनोपलमधला. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला आशिया मायनरमधल्या निकिआला, निर्वासित ग्रीक सम्राटाच्या दरबारात पाठवलं. १२४६ च्या मॅसिडोनिया मोहिमेत जिंकलेल्या गावांना धाडायची पत्रं त्यानेच लिहिली. ज्याला त्याने शिकवलं होतं, त्या सम्राट दुसऱ्या थिओडोरने त्याला मेगास लोगोथेतीस केलं. बल्गेरियाशी झालेल्या तहावरून खटका उडाला, तेव्हा याच शिष्याने त्याला १२५६ मध्ये सगळ्यांदेखत काठ्यांनी मारवलं. हा प्रसंग आपल्याला कळतो तो खुद्द अक्रोपोलितीसने आपल्या इतिहासात लिहिला म्हणून. सम्राटाविषयीचा त्याचा कडवटपणा तिथे लपत नाही, आणि मला तो लेखक म्हणून आवडतो तो याचमुळे. पुढे एपिरस या प्रतिस्पर्धी ग्रीक राज्याच्या लोकांनी त्याला प्रिलेप इथे पकडलं. १२५९ मध्ये पेलागोनियाच्या लढाईनंतर तो सुटला. १२७४ मध्ये लिआँच्या धर्मपरिषदेत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही चर्चच्या ऐक्याची शपथ त्यानेच सम्राट आठव्या मायकेलच्या वतीने घेतली. १२८२ मध्ये तो वारला.

या माणसाचं काम वह्यांपेक्षा खलित्यांचं आहे. अष्टप्रधानांतला सुमंत, म्हणजे डबीर, परराष्ट्र पाहायचा, म्हणून तोही शब्द सुचेल. पण दरबारी पत्रांचा मसुदा त्यात येत नाही. चिटणिसात तो येतो. शिवाय साताऱ्याच्या दरबारातल्या मल्हार रामराव चिटणिसांनी बखरी लिहिल्या, त्यामुळे चिटणिसाने इतिहास लिहिणं मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. फक्त ‘सरचिटणीस’ टाळा, त्याने राजकीय पक्षाची कचेरी डोळ्यांपुढे येते.

मूळ पदनाम ठेवून एकदाच उलगडा करावा: ‘मेगास लोगोथेतीस, म्हणजे सम्राटाचा मुख्य चिटणीस, जॉर्ज अक्रोपोलितीस’. पुढे नुसतं ‘लोगोथेतीस’ पुरे.