खाड्याचा हिशोब: नोकरी सोडून टूर करू पाहणाऱ्या सोलापूरच्या बँडला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापुरातला चौघांचा पॉप-रॉक बँड, स्वतःची सात मराठी गाणी, पुण्यात दोन शो झाले, दोन्हीकडे लोकांनी डोक्यावर घेतलं. आता तिघं नोकरी सोडून वर्षभर टूर करायला तयार आहेत, ड्रमर मात्र पाय मागे घेतोय. यावर पोट भरतं का, असं विचारताय. मी २०११ ते २०१८ याच गावातून बेस गिटार पाठीला लावून फिरलो. आता टॉवेलच्या धंद्यात आहे, आणि शनिवार-रविवारी दुसऱ्यांच्या शोला साऊंड करतो. म्हणजे हे उत्तर फुटलेल्या बँडच्या माणसाचं आहे, तेवढं धरून वाचा.

नोकरी अजून सोडू नका. आधी वहीत एक हिशोब मांडा. आम्हाला तो सुचला चौथ्या वर्षी.

समजा पुण्यात शुक्रवारचा शो, बिदागी ३०,०००. ऐकायला झकास. आता गाडी: जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, किलोमीटरला १८ रुपयांनी ९,०००. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता १,५००. दोन खोल्या ४,०००. सहा जणांचं खाणंपिणं २,५००. साऊंडवाला ४,०००. झाले २१,०००. उरले ९,०००, म्हणजे माणशी सव्वादोन हजार, तेही दोन दिवस मोडून. इथवर सगळे बँड हिशोब करतात. पुढचं कोणी करत नाही. तुमचा पुढचा शो रविवारी कोल्हापूरला आहे आणि शनिवार रिकामा आहे. त्या शनिवारी खोल्या ४,०००, खाणं २,५००, उभ्या गाडीचं दिवसाचं भाडं २,०००. साडेआठ हजार गेले. शुक्रवारी कमावलेलं शनिवारी झोपून संपलं.

माझे वडील यंत्रमागावर होते. घरात शब्द एकच चालायचा, खाडा. माग फिरला तर पैसा, आणि खाडा पडला तरी घरभाडं, दूध, किराणा चालूच. टूरवरचा बँडही खाड्यानेच बसतो. शो पडला म्हणून बसलेला बँड मी पाहिलेला नाही. दोन शोंच्या मधल्या दिवसांनी बसलेले पाच तरी पाहिलेत, त्यात एक आमचा. त्याच शनिवारी साताऱ्यात २०,०००चा छोटा शो मिळाला असता तर? खोल्या-खाणं-गाडीचे ८,५०० तसेही जाणारच होते. साऊंडवाल्याचे ४,००० धरून साडेसात हजार वर उरले असते. म्हणून बिदागी किती यावरून शो घ्यायचा की नाही ठरवू नका, तो कोणत्या तारखेला बसतो त्यावर ठरवा.

हे कोणाकडून शिकायचं तर तमाशाच्या फडांकडून. हसू नका. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी ठरवतात, आणि फड आपला चैत्र-वैशाख एका जागी बसून भरून घेतो. कोणत्या गावची जत्रा कोणत्या तिथीला, हे त्यांना तोंडपाठ. आपण रॉकवाले फोन वाजायची वाट बघत बसतो.

तुमचीही जत्रा असते, फक्त तिला दुसरी नावं आहेत. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजांची गॅदरिंग, फेब्रुवारी उलटला की परीक्षा, मग कॉलेज संपलं. पावसाळ्यात उघड्यावरचं सगळं बंद. पितृपक्षात कोणी शोरूमचं उद्घाटन करत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात शो लावू नका, अख्खं गाव होम मैदानावर असतं. हे सगळं एका मोठ्या कागदावर उतरवा, भिंतीला लावा, आणि जुलैतच नोव्हेंबरसाठी फोन सुरू करा.

आणि कृपा करून मुंबईला राहायला जाऊ नका. सोलापूरला राहणं हा टूरसाठी फायदा आहे, हे मला सोलापूर सुटल्यावर कळलं (दीड वर्ष गोरेगावात काढलं, त्याबद्दल न विचारलेलं बरं). नकाशा बघा. पुणे २५० किलोमीटर, हैदराबाद सव्वातीनशेच्या आत, विजापूर आणि कलबुर्गी शंभरेक, लातूर-धाराशिव त्याहून फार लांब नाहीत, कोल्हापूर चार-पाच तास. तीन राज्यांचं गिऱ्हाईक एका रात्रीच्या अंतरात. आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड बोलणारी पोरं शेजारीच असतात. एखादं गाणं अर्धं तेलुगूत करून हैदराबादला वाजवा आणि काय होतं ते बघा. रेल्वेचा मोह मात्र टाळा. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला पोचता, पण ती परत निघते संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तेव्हा तुमचा साऊंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची तपासणी, चाललेला असतो.

आता पैसे हातात कसे येतात ते. एका तालुक्याच्या गावी एका मंडळाचा महोत्सव होता. आम्हाला वेळ सातची. साडेसहालाच वायरी जोडून तयार. सातला पाहुणे आले आणि सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फोटो. मी पडद्यामागे उभा राहून नारळ मोजत होतो. त्रेचाळीस झाले. त्यात प्रत्येकाचे दोन शब्द. आम्ही चढलो नऊ पंचवीसला. चार गाणी झाली, पाचव्याचा इंट्रो वाजतोय तोवर हवालदार मिक्सरपाशी येऊन उभा. काही बोलला नाही, नुसतं घड्याळावर बोट ठेवलं. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, तो दिवस त्यातला नव्हता. बंद केलं. कार्यकर्ता म्हणाला, ‘का बे, अर्धाच कार्यक्रम केला, पैसे बी अर्धेच.’ ते अर्धेही तीन आठवड्यांनी आले.

त्यानंतर आमचे दोन नियम झाले. निम्मा इसार खात्यात आल्याशिवाय गाडी सोलापूर सोडणार नाही, आणि उरलेले पैसे स्टेजवर चढायच्या आधी. आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं की आम्ही अमुक वाजता तयार असू, पुढे कार्यक्रम लांबला तर बिदागी कमी होणार नाही. दोन-तीन कामं त्यामुळे गेली. जाऊ दे. कंपनीच्या शोचे पैसे टीडीएस कापून येतात, आणि सगळं एकाच्याच पॅनवर आलं तर त्याचं उत्पन्न कागदावर फुगतं आणि घरात भांडणं लागतात. पार्टनरशिप करून बँडचं खातं काढा.

तसल्याच ठिकाणी आणखी एक: जनरेटरला अर्थिंग आहे का ते बघा. एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, आमच्या गायकाला दोनदा बसलाय. तारा आणि माइकची जाळी यांच्यात मल्टिमीटर धरायचा, व्होल्टेज दिसलं तर गाणं सुरू करायचं नाही. चारशे रुपयांचं यंत्र आहे.

स्ट्रीमिंगवर तुम्ही फार आशा ठेवलेली दिसते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला काहीच मिळत नाही. त्या हजाराच्या पुढे गेलात तरी महिन्याला चहाचे पैसे. अमेरिकेतल्या व्हल्फपेक बँडने २०१४ मध्ये यावर भारी डोकं चालवलं. दहा ट्रॅकचा अल्बम, प्रत्येक ट्रॅक तीसेक सेकंदांचा, आणि सगळे मुके! चाहत्यांना सांगितलं, झोपताना लावून ठेवा. कंपनीने तो काढून टाकेपर्यंत सुमारे २०,००० डॉलर जमले आणि त्यातून फुकट प्रवेशाची टूर झाली. ते दुसऱ्यांदा कोणाला जमायचं नाही. पण घेण्यासारखं हे की त्यांच्याकडे सांगितलं तर ऐकणारी माणसं होती. ब्रिटिश बँड मॅरिलियनकडे १९९७ मध्ये अमेरिकेच्या टूरला पैसे नव्हते, तर चाहत्यांनीच इंटरनेटवरून सुमारे ६०,००० डॉलर गोळा केले. तुम्ही पुण्यातल्या दोन शोंना आलेल्यांपैकी किती जणांचे नंबर घेतले? प्रश्नात तरी दिसत नाहीत. स्ट्रीमिंगच्या आकड्यांत पैशापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे कोणत्या शहरात किती जण ऐकतात ते दिसतं. लातुरात चाळीस जण ऐकत असतील तर गुरुवार लातूरला.

आणि एक वर्ष पुरत नाही. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड १९९० मध्ये उभा राहिला, पहिला अल्बम १९९३ चा, आणि ज्याने नाव देशभर झालं तो २००० चा. मधली सात वर्षं काय खाल्लं असेल, याचा विचार करा.

आता आमचा बँड कसा फुटला ते, कारण ते तुमच्याही घरात होईल. साखर पेठेतली गच्ची, मे महिना, लाइट गेलेली. गिटारवाला चार सुरांची एक ओळ घोळवत होता. मी त्यावर ध्रुवपदाचे शब्द टाकले. चाल गायकाची. आणि ड्रमर म्हणाला, ‘इथं थांबा सगळे. दोन मोजा. मग घ्या.’ ते थांबणंच लोकांना आवडलं, शोमध्ये तिथे लोक श्वास धरायचे. २०१७ मध्ये एका कंपनीने ते गाणं जाहिरातीसाठी मागितलं, ६०,००० देत होते. गाणं कोणाचं? आठ महिने यावर बोलत राहिलो. कंपनीने दुसरं गाणं घेतलं. आम्ही पुढे वर्षभर एकत्र वाजवलं, पण गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

तेव्हा गाणं पूर्ण झालं की त्याच रात्री वहीत लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटे किती टक्के. चौघांच्या सह्या. रेकॉर्डिंगचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे, तो रेकॉर्डिंग काढणाऱ्या निर्मात्याचा असतो, म्हणून त्यासाठी कोणी किती पैसे घातले तेही लिहा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला सहजासहजी स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. ती रॉयल्टी गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. गीतकार आणि संगीतकार म्हणून तिथे सभासद व्हा, गाणी नोंदवा.

शोला विकायला टीशर्ट छापू नका. शेवटी एक्सएलचा गठ्ठा उरतो, माझ्याकडे अजून आहे. सोलापुरात राहता, नॅपकिन विका. जॅकार्डवर नाव विणून घ्यायचं तर कारखानदार मोठी ऑर्डर मागतो, पण तयार नॅपकिनच्या कोपऱ्यात भरतकाम पन्नास नगांनाही करून मिळतं. आम्हाला ५५ ला पडायचा, १५० ला जायचा. त्याला साइज नसतो, आणि घामाघूम झालेला माणूस जागेवरच घेतो.

राहिला ड्रमर. त्याला घाबरट म्हणू नका, चौघांत हिशोब त्यालाच येतो असं दिसतंय. त्याची नोकरी राहू द्या. शुक्रवार ते रविवार असे तीन-तीन दिवसांचे फेरे लावा, खाडा न पाडता. असे बारा फेरे सलग भरले तर परत विचारा. त्याला सुटी नसेल तेव्हासाठी एक बदली ड्रमर आत्ताच तयार करा, त्याला ड्रम काढलेले ट्रॅक द्या म्हणजे घरी बसवता येतील. आणि किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, आवाज ढमढम येतो असं त्याने तुमच्या प्रश्नाखाली लिहिलंय, तर आत उशी कोंबू नका. सोलापुरी चादर, सिंगल, चार घड्या करून तळाशी, मागच्या-पुढच्या दोन्ही पडद्यांना जेमतेम टेकेल अशी.