बिल आलं की फोन बघणारा तो मीच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जवळचा मित्र चांगला कमावतो पण खर्चाची वेळ आली की त्याचा हात खिशात जातच नाही, घरात सख्खा भाऊही तसाच, तर अशा लोकांना तोंडावर बोलायचं की सोडून द्यायचं. या प्रश्नावर सल्ला देणारे सगळे बिल भरणाऱ्यांच्या बाजूचे असतात. मी पलीकडच्या बाजूने लिहितोय, कारण मी स्वतः चिक्कू आहे. "होतो" असं लिहिणार होतो पण हे बायको वाचेल.

आधी आतून काय होतं ते सांगतो. हॉटेलात जेवण संपतं, बिल टेबलावर येतं आणि पोटात एक बारीकसा गोळा येतो. रक्कम मोठी आहे की छोटी याचा त्याच्याशी फार संबंध नसतो आणि पगार किती याच्याशी तर अजिबातच नसतो, माझा पगार दुप्पट झाला तरी गोळा तेवढाच राहिला. मग मी फोन काढतो. कुणाचा मेसेज वगैरे काही आलेला नसतो, नुसतं वरखाली करत बसतो, तेवढ्यात कुणीतरी "राहू दे रे मी देतो" म्हणतो आणि मी "अरे कशाला, मी देतच होतो" असं म्हणत खिशाकडे हात नेतो, आणि त्या हाताला खिशापर्यंत पोचायला बरोबर तेवढाच वेळ लागतो जेवढा समोरच्याला पैसे द्यायला लागतो. हे मी ठरवून करत नाही. म्हणजे बरीच वर्षं मला हे माहीतच नव्हतं, बायकोने एकदा घरी नक्कल करून दाखवली तेव्हा कळलं. आणि त्या क्षणी आपण कुणाला लुबाडतोय असंही वाटत नाही, मनात पक्कं असतं की पुढच्या वेळी आपण द्यायचे. फक्त ती पुढची वेळ येते तेव्हा तिचंही नाव "ही वेळ" झालेलं असतं.

या गोळ्यावर रीतसर अभ्यास झालाय हे मला नंतर कळलं. अमेरिकेत स्कॉट रिक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २००८ साली १३,००० पेक्षा जास्त लोकांच्या उत्तरांवरून चिक्कू लोक आणि उधळे लोक असे गट काढले, तर दोन उधळ्यांमागे तीन चिक्कू निघाले. म्हणजे आम्ही अल्पसंख्य नाही. त्यांचं म्हणणं असं की चिक्कू माणसाला पैसे देताना खरोखरच एक प्रकारचं दुखणं होतं आणि ते इतकं असतं की स्वतःला हवी असलेली गोष्टसुद्धा तो घेत नाही आणि नंतर हळहळतो. काटकसरी माणूस वेगळा, त्याला वाचवण्यात मजा येते. बाहेरून दोघंही पैसे खर्च करत नाहीत त्यामुळे सारखेच दिसतात, पण काटकसरी माणूस शांत झोपतो, आमचं तसं नाही. याच अभ्यासात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे एका ठिकाणी लोकांना जादा आकार देणार का असं विचारलं होतं, काहींना नुसती रक्कम सांगितली आणि काहींना तीच रक्कम "छोटीशी" असा शब्द लावून सांगितली, तर उधळ्यांना काही फरक पडला नाही पण चिक्कू लोक त्या एका शब्दाने बरेच विरघळले. हे वाचून मला लाज वाटली कारण माझ्यावर हे शंभर टक्के चालतं.

आता तुमचा मित्र. तो चिक्कू आहे का फुकट्या आहे हे आधी बघा, कारण लोक दोघांना एकाच मापात मोजतात आणि औषध चुकतं. ओळखायचं कसं तर तो एकटा असताना किंवा स्वतःसाठी कसा खर्च करतो ते बघा. चिक्कू माणूस स्वतःलाही सोडत नाही, त्याच्या चपला झिजलेल्या असतात, फोनची काच तडकलेली असते, दुखणं अंगावर काढतो. फुकट्याचं तसं नसतं, स्वतःच्या पैशाने घेताना त्याला भारीतलं लागतं आणि दुसऱ्याच्या पैशाने घेताना त्याहून भारीतलं, त्याच्या पोटात गोळाबिळा काही येत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारी ही जात. आणखी एक तिसरा असतो ज्याच्याकडे खरंच नसतात. पगार चांगला असला तरी हप्ते, घरचं आजारपण, काहीही असू शकतं आणि माणूस ते सांगत नाही. म्हणून एकदा एकट्यात "सगळं ठीक आहे ना रे पैशांचं" एवढं विचारून घ्या, त्यात तुमचं काही जात नाही.

फुकट्याचा इलाज सोपा आहे, वेगळं बिल. इथे एक सांगतो, आपण सगळे मिळून झालेला खर्च समान वाटतो ना, तो दिसायला मैत्रीचा असतो पण फुकट्याला तिथेच रान मोकळं मिळतं. इस्रायलमध्ये यावर एक प्रयोग झाला होता, निकाल २००४ साली छापून आले. सहा-सहा जणांचे गट हॉटेलात जेवायला बसवले, काहींना ज्याचं त्याने द्यायचं, काहींनी समान वाटून घ्यायचं आणि काहींना सगळं फुकट. वाटून घेणाऱ्यांनी स्वतःचं स्वतः देणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं आणि फुकटवाल्यांनी तर त्याहूनही जास्त. म्हणजे साधी चांगली माणसंसुद्धा वाटणी समान आहे म्हटल्यावर हात सैल सोडतात. आणि गंमत म्हणजे विचारलं तर बहुतेकांना ज्याचं त्याने दिलेलंच हवं होतं, बोलत कुणी नाही एवढंच. त्यामुळे तुमच्या ग्रुपमध्ये कुणी कमी मागवतो आणि "माझं वेगळं करा" म्हणतो, त्याला प्लीज चिक्कू म्हणू नका. बहुतेक वेळा सगळ्यांच्या मनातलं तो एकटाच बोलत असतो आणि शिव्या पण तोच खातो.

चिक्कू माणसावर मात्र वेगळं बिल हा उपाय नाही, कारण तो खुशाल स्वतःचं देईल आणि कमीतकमी मागवून उपाशी उठेल, मग तुम्हालाच वाईट वाटेल. त्याच्यासाठी काय चालत नाही ते आधी सांगतो. टोमणे चालत नाहीत. माझे मित्र मला कित्येक वर्षं कवडीचुंबक म्हणायचे, माझा हात खिशात गेला की टाळ्या वाजवायचे, मीही हसायचो. पण आत काय व्हायचं माहितीये का, टोमणा ऐकून घेतला की हिशोब फिटल्यासारखं वाटायचं. तुम्ही हसून घेतलंत, मी ऐकून घेतलं, आता कशाला पैसे. हे कुणी कबूल करणार नाही पण खरं आहे. तसंच सूचक बोलणंही चालत नाही, "या महिन्यात बराच खर्च झाला बाबा" असं तुम्ही म्हणालात तर आम्ही मनापासून "हो ना" म्हणतो, बस. आणि महिनोन् महिने साठवून एकदम फुटायचं हे तर सगळ्यात वाईट, कारण तेव्हा तुम्ही रकमेबद्दल बोलत नसता, माझ्या स्वभावाबद्दल बोलत असता आणि स्वभावावर कुणी आलं की माणूस आधी स्वतःला वाचवतो, पैसे बाजूलाच राहतात.

चालतं ते अगदी साधं आहे. आकडा सांगा, आधी सांगा किंवा त्याच दिवशी सांगा, आणि सांगून झाल्यावर गप्प बसा. हे गप्प बसणं लोकांना जमत नाही. "तुझे अमुक इतके झाले, पण काही घाई नाही, जमेल तसं दे, नाही दिलेस तरी चालेल" असं म्हटलंत की संपलं, तुम्ही पळवाट बांधून, रंग देऊन, वर पाटी लावून दिलीत. माझ्यासारखा माणूस पहिला अर्धा भाग ऐकतच नाही.

माझ्यावर खरं औषध लागू पडलं ते वेगळंच. एका ट्रिपला एका मित्राने सगळ्यांकडून पैसे गोळा केले आणि पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाला सगळा हिशोब तू बघायचा. मला वाटलं चेष्टा करतोय. पण चार दिवस मी तो हिशोब असा ठेवला की विचारू नका, प्रत्येक पावती जपून, शेवटी उरलेले पैसे सुट्ट्यांसकट प्रत्येकाला परत. आणि पहिल्यांदा मला दिसलं की इतरांनी किती वेळा मध्येच स्वतःच्या खिशातून घातले आणि सांगितलंच नाही, तेही मी शोधून काढून परत केले. पैसे माझ्या हातून जात होते पण माझे एकट्याचे जात नव्हते, त्यामुळे गोळा येत नव्हता, आणि माझा वाटा तर पहिल्याच दिवशी देऊन मोकळा झालो होतो. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा खजिनदार मीच. तुमच्या मित्राला हे करून बघा. चिक्कू माणूस हिशोबात चुकत नाही आणि दुसऱ्याचेही बुडू देत नाही. फुकट्याला मात्र चुकूनही पाकीट देऊ नका.

घरच्यांचं अवघड असतं कारण घरात बिल टेबलावर येत नाही. कुणीतरी एक जण देत राहतं आणि बाकीच्यांना वाटतं की चाललंय. वडील आजारी पडले तेव्हा ताई त्यांच्याजवळ होती, मी दुसऱ्या गावी. हॉस्पिटल, औषधं, रात्रीची बाई, सगळं तीच बघत होती आणि मी रोज फोन करायचो, अगदी न चुकता, आणि फोन ठेवताना रोज म्हणायचो, "काही लागलं तर सांग गं." हे वाक्य नीट ऐकून ठेवा, तुमचा भाऊही हेच म्हणत असणार. ऐकायला मायेचं आहे, पण त्यात मागायचं काम समोरच्यावर टाकलेलं असतं, आणि आपल्याच वडिलांच्या औषधासाठी भावाकडे हात कोण पसरेल. ती म्हणायची "नाही रे, चाललंय" आणि मला हायसं वाटायचं. हायसं वाटायचं हे मी आज लिहू शकतोय, तेव्हा मला ती काळजी वाटायची.

वडील बरे होऊन घरी आल्यावर काही महिन्यांनी भाऊजी सहज बोलता बोलता म्हणाले की तिने तिची ठेव मोडली. रागाने नाही, सांगायचं म्हणूनही नाही, कशावरून तरी विषय निघाला. मी ताईला फोन केला, ती म्हणाली "जाऊ दे ना, झालं ते". मी आकडा विचारला. तिने सांगितला. आणि एवढं सगळं कळल्यावरही, लाजेने कान गरम झालेले असतानाही, निम्मी रक्कम पाठवायला मला दोन दिवस लागले. दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो की ती जवळ राहते, तिला सोपं पडतं, मी पण तर येण्याजाण्याचा खर्च केलाच की. चिक्कू माणसाचं डोकं या बाबतीत फार हुशार असतं. शेवटी बायकोने फोन हातात दिला आणि समोर बसून राहिली.

ॲरिस्टॉटलने म्हणून ठेवलंय की उधळ्या माणूस एक वेळ सुधारेल, वय वाढलं किंवा पैसे संपले की ताळ्यावर येतो, पण कंजूष सुधारत नाही, उलट म्हातारपणी जास्तच होतो. तेवीसशे वर्षं झाली, अजून तरी मला त्याच्याशी भांडता आलेलं नाही. गोळा अजून येतो. फक्त तो आला की त्याचं ऐकायचं नाही एवढं जमायला लागलंय आणि तेही समोरच्याने आकडा सांगितला तरच.

म्हणून भावाशी बोलताना "तू काहीच करत नाहीस" हे वाक्य गिळा, कारण तो लगेच केलेल्या गोष्टींची यादी काढेल आणि ती यादी खरी पण असेल. आई-वडिलांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडा, त्याचा वाटा लिहा आणि तारीख घाला. तरी तो देत नसेल तर मग तो चिक्कू नाही, मग तो वेगळा विषय आहे आणि त्यात मी काही सांगू शकत नाही.

ताई आता महिन्याला एक मेसेज पाठवते, त्यात फक्त आकडा असतो, कसा आहेस नाही, काही नाही, आणि मी त्याच दिवशी पाठवतो. गेल्या महिन्यात अगदी गोल आकडा आला. मला राहवलं नाही, विचारलं की नक्की किती झाले, एवढे बरोबर कसे होतील. तिने बिलांचे फोटो टाकले. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, दोनदा बेरीज केली. तिने माझे कमी करून सांगितले होते. वरचे पाठवून दिले, सुट्ट्यांसकट.