चोकची दांडी गरम का लागते?

प्रश्न : माझ्याकडे 1972 ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स कार) आहे. गेल्या दिवाळीत क्लचच्या कामासाठी इंजिन उतरवले होते आणि तेव्हापासून बॅटरीची तक्रार सुरू आहे. सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) दुरुस्त करून घेतला, तरी गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ जड फिरतो. इंजिन थोडे तेज ठेवले तर बॅटरीवर 13.8 व्होल्ट दिसतात. हेडलाइट लावले की ते 12.6 वर येतात आणि डॅशबोर्डवरील इग्निशनचा लाल दिवा मंद पेटतो. सकाळी गाडी सुरू करताना चोकची दांडी हाताला गरम लागते, पण ती इंजिनाची उष्णता असावी. इलेक्ट्रिशियनने सर्व तारा मीटरने तपासल्या, त्या ठीक निघाल्या. तरीही सबंध वायरिंग बदलावे असा त्याचा सल्ला आहे. काय करावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहून गेला आहात. सकाळी पहिल्यांदा चोक ओढता तेव्हा इंजिन थंडगार असते. मग त्या दांडीला ऊब येणार कोठून? ती विजेची आहे. आपल्या गाडीचे इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेला असतो. सेल्फ फिरताना शंभर अँपियरहून अधिक प्रवाह याच पट्टीतून बॅटरीकडे परततो. पट्टी तुटली, गंजली किंवा इंजिन उतरवल्यावर पुन्हा लावायची राहिली, तर प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो, आणि कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी चोकची बारीक पोलादी केबल ही त्याला सापडणारी सोयीची वाट. म्हणून दांडी तापते. तक्रार क्लचच्या कामानंतर सुरू झाली, हेही याच्याशी जुळते. वायरिंगच्या दोषांत मी नेहमी आधी विचारतो, की शेवटचे काम कोणते झाले आणि त्या वेळी काय काय सोडवले होते.

आता मोजमाप. बॅटऱ्या सीटच्या मागे असल्यामुळे मल्टिमीटरच्या वायरी पुरणार नाहीत. एकीला सात-आठ फूट तार जोडून घ्यावी. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर टेकवावे (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर) आणि दुसरे इंजिनाच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर. कॉइलची तार काढून ठेवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. मीटरवर 0.3 व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थिंग चांगले. एक-दीड व्होल्ट दिसले तर दोष सापडला. नवी पट्टी नाना पेठेत सहज मिळेल, मात्र ती बसवण्यापूर्वी दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत पत्रा दिसू द्यावा. नवी पट्टी नव्या रंगावर आवळलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता ती पाहून रागही येत नाही.

अल्टरनेटरचा परतीचा मार्गही हाच असल्याने हेडलाइट लावल्यावर बॅटरीवरचे व्होल्ट पडण्याचे एक कारण येथेच असू शकते. लाल दिव्याचे कारण मात्र वेगळे शोधावे लागेल. या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचकडे आणि दुसरे अल्टरनेटरकडे असते. दोन्हीकडे सारखेच व्होल्ट असले की तो विझतो आणि फरक पडला की त्या मानाने पेटतो. आपल्या गाडीत हेडलाइटचा प्रवाह अल्टरनेटरकडून जाड तपकिरी तारेने सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला वीज देणाऱ्या स्विचवर) येतो, तेथून दुसऱ्या तपकिरी तारेने फ्यूज बॉक्सकडे आणि पुढे स्विचकडे जातो. या वाटेवरचा एखादा जोड काळा पडला असेल, तर दिवे लावताच स्विचकडचे व्होल्ट घसरतात आणि लाल दिवा मिणमिणू लागतो.

आता, तारा ‘ठीक’ कशा निघाल्या? इलेक्ट्रिशियनने मीटरचा आवाज ऐकला असणार. तारेच्या पंधरा-वीस पेडांपैकी एकच पेड शाबूत असला तरी तो ‘पिप’ वाजतो. साध्या मीटरला 0.1 ओहम नीट दाखवता येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा भरतो. पण हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून साधारण 12 अँपियर प्रवाह त्या 0.1 ओहममधून गेला, की 1.2 व्होल्ट तेथेच गळतात आणि त्या एका जोडात 14 वॉटहून अधिक उष्णता तयार होते. म्हणून इंजिन चालू व हेडलाइट लावलेले असतानाच मोजावे : आधी अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीच्या धन खांबापर्यंत, मग सोलेनॉइडपासून इग्निशन स्विचवरील तपकिरी तारेपर्यंत. एखाद्या टप्प्यात पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष त्याच टप्प्यात आहे आणि एकेक जोड पार करत गेल्यास पाच मिनिटांत सापडतो. बहुधा फ्यूज बॉक्सच्या मागे एखाद्या थिंबलचे (तारेच्या टोकावर बसवलेल्या धातूच्या जोडाचे) आवरण करपून तपकिरी झालेले दिसेल. ही तपकिरी तार फ्यूजविना असते, तेव्हा हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवावी.

खुद्द अल्टरनेटरच्या टोकावरही 12.6 च दिसले, तर मात्र वायरिंगला दोष देऊ नये. बेल्ट सरकतो आहे का पाहावे, आणि मीटर एसीवर लावून तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसते का तेही पाहावे. दिसल्यास आतला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला आहे, आणि दुरुस्ती नीट झालेली नाही.

दोन बॅटऱ्यांना जोडणारी केबल गाडीच्या पोटाखालून जाते आणि पावसाळ्यातले सगळे पाणी खाते. प्रत्येक बॅटरीवर वेगवेगळे मोजावे. पूर्ण चार्ज असताना 6.3 व्होल्ट हवेत.

आठवड्यात बॅटरी उतरण्याचा प्रश्न कदाचित अपुऱ्या चार्जिंगमुळेच असेल. तरीही ऋण केबल काढून मध्ये अँपियर मीटर धरावा. रेडिओच्या स्मृतीसाठी 20 मिलिअँपियर जात असतील तर दिवसाला अर्धा अँपियर-अवरही होत नाही. 300 जात असतील तर 50 अँपियर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत अर्धी होते. तसे असल्यास एकेक फ्यूज काढत जावे, आणि तरीही आकडा न हलल्यास अल्टरनेटरचा प्लग काढून पाहावा.

सबंध वायरिंग बदलण्याची घाई करू नये. पन्नास वर्षांच्या तारांपेक्षा त्यांची टोकेच अधिक खराब झालेली असतात. उंदरांनी कुरतडले असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : 1965 च्या एमजीबीमध्ये मोबाइलसाठी चार्जर सॉकेट बसवले. चार्जर लावताच फ्यूज उडाला. सॉकेट खराब आहे का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : सॉकेट बहुधा चांगले आहे. 1967 च्या उत्तरार्धापर्यंत या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सॉकेटचे बाहेरचे कवच ऋण असते, ते डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकले की धन होते, आणि चार्जर लावताच त्याला उलटी वीज मिळून फ्यूज उडतो. सॉकेट लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर बसवावे, कवचाची तार ऋण बाजूला आणि मधल्या टोकाची बॉडीला जोडावी, ऋण बाजूच्या तारेत 5 अँपियरचा फ्यूज घालावा, आणि मोबाइलची केबल एकाच वेळी चार्जरमध्ये व बॉडीला अर्थ असलेल्या रेडिओत अडकवू नये. डायनामोऐवजी पुढे कधी अल्टरनेटर बसवलात, तर आधी गाडीचे अर्थिंग उलटवून घ्यावे लागेल. उलट्या बॅटरीवर त्यातले डायोड क्षणभरही टिकत नाहीत.